पावतीवर नाव कुणाचं?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. कुरडया वाळत घालून नुकती कुठे खाली आले होते, तेवढ्यात फोन वाजला. माझ्या धाकट्या नणंदेची मुलगी, इंग्लंडमधल्या लेस्टर गावी असते. एरवी तिचा फोन रविवारी ठरलेल्या वेळी. हा मधल्याच वारी, भरदुपारी, म्हणजे तिच्याकडे सकाळ नुकती उजाडलेली. आवाजावरूनच कळलं, पोरगी रडतेय.

"मामी, आम्ही फसलो गं. गाडी घेतली, ती तीन आठवड्यांत बंद पडली. आणि दुकानदार म्हणतो, आता तुमचं तुम्ही बघा!"

सात हजार दोनशे पौंडांची जुनी गाडी. आपल्या हिशेबात आठ लाखांच्या आसपास. तिथे दोघांच्या पगारातून घरभाडं, पोरीचं पाळणाघर वजा जाता दोन वर्षं साठवलेला पैसा. गिअरबॉक्स गेला होता. दुरुस्तीचा खर्च ऐकून जावयांनी डोक्याला हात लावला होता. मी तरी इतक्या लांबून काय करणार? "घाबरू नकोस, कागदपत्रं नीट ठेव" एवढंच म्हणाले. आपल्या सल्ला केंद्रात येणाऱ्या प्रत्येकीला मी हेच वाक्य पहिल्यांदा सांगते, तेच सवयीने तोंडून निघालं.

आणि योगायोग बघा मैत्रिणींनो, त्याच आठवड्यात गुरुवारी आमच्या केंद्रात एक बाई आली. आमच्याच गावची, बचत गटातली. डबे पुरवते. सायकलवरून, मग स्कूटीवरून डबे पोचवता पोचवता ग्राहक वाढले, म्हणून तिने जुनी चारचाकी घ्यायचं ठरवलं. गटाचं कर्ज, स्वतःची शिल्लक आणि दोन बांगड्या मोडून एक लाख साठ हजार उभे केले. गाड्यांच्या एका दलालाला रोख मोजून दिले. दीड महिन्यात फायनान्स कंपनीची माणसं आली आणि गाडी ओढून घेऊन गेली. आधीच्या मालकाने हप्ते थकवले होते. गाडीवर बोजा होता आणि हिला त्याचा पत्ताच नव्हता!

दोघींचं दुःख एकच. पण पुढे जे घडलं त्यात जमीन-अस्मानाचा फरक. एकीला सगळे पैसे परत मिळाले आणि दुसरी अजून चपला झिजवतेय. हा फरक नशिबाचा नाही. पैसे कुठल्या वाटेने दिले आणि कागदावर काय लिहिलं, याचा आहे. आज तेच सांगायचं आहे.

दोनशे पौंडांची करामत

आधी भाचीचं सांगते. तिच्या शेजारी एक गुजराती काकू राहतात. लेस्टरमध्ये गुजराती वस्ती मोठी, आफ्रिकेतून आलेली जुनी कुटुंबं. या काकूंनी आयुष्यभर दुकान चालवलेलं. त्यांनी रडणाऱ्या पोरीला चहा दिला आणि एकच प्रश्न विचारला, "डिपॉझिट कशाने भरलंस?"

गाडी ठरवताना दोनशे पौंड विसार म्हणून क्रेडिट कार्डाने भरले होते. बाकीचे सात हजार बँकेतून दुकानदाराच्या खात्यावर. काकू म्हणाल्या, "मग रडतेस कशाला? कार्डवाल्या बँकेला पत्र लिही. सेक्शन सेव्हंटी फाइव्ह!"

हे पंचाहत्तरावं कलम म्हणजे ब्रिटनच्या 1974 सालच्या ग्राहक कर्ज कायद्यातलं कलम. मला तर ऐकून नवलच वाटलं. हा कायदा असं म्हणतो, की तुम्ही क्रेडिट कार्डाने एखादी वस्तू घेतली आणि ती सदोष निघाली, किंवा दुकानदाराने खोटं सांगून विकली, किंवा पैसे घेऊन दिलीच नाही, तर दुकानदाराइतकीच कार्ड देणारी बँकही जबाबदार. दोघांपैकी कुणाकडेही भरपाई मागा. वस्तूची किंमत मात्र शंभर पौंडांपेक्षा जास्त आणि तीस हजार पौंडांपर्यंत असायला हवी.

यातली खरी गंमत पुढेच आहे. सगळे पैसे कार्डानेच भरलेले असावेत अशी अटच नाही. थोडा भाग कार्डाने भरला तरी जबाबदारी पूर्ण किमतीची! म्हणजे भाचीने कार्डावर भरले दोनशे, पण बँक बांधली गेली सात हजार दोनशेला. तिथले बरेच गाडीवाले पूर्ण रक्कम कार्डावर घ्यायला तयार नसतात, विसार तेवढा घेतात. पण जाणकार लोक तेवढा विसार तरी मुद्दाम क्रेडिट कार्डानेच भरतात. डेबिट कार्डाला हे कलम लागू नाही, कारण तिथे पैसे आपलेच असतात, बँकेने कर्ज दिलेलं नसतं.

"पण बँकेने का म्हणून भरायचं? तिने थोडीच गाडी विकली?" आमच्या ह्यांनी विचारलं. मलाही तोच प्रश्न पडला होता. त्याचं उत्तर असं, की 1971 साली तिथल्या क्राउदर समितीने कर्जव्यवहारांचा अभ्यास करून अहवाल दिला. त्यात हा विचार मांडला होता. दुकानदाराचा माल खपतो तो कार्डामुळे, आणि बँकेला कमाई होते ती दुकानदारामुळे. म्हणजे धंद्यात दोघे भागीदारच. मग फायद्यात भागीदार असलेल्याने तोट्यात हात का झटकावेत? शिवाय एकट्या गिऱ्हाइकापेक्षा बँकेला दुकानदाराकडून वसुली करणं सोपं. आपल्याकडे जामीन राहतो ना माणूस, तसंच समजा. फक्त इथे जामीन कायद्यानेच उभा केलेला.

भाचीच्या बाबतीत तर ते फारच गरजेचं ठरलं. तिने पत्र टाकेपर्यंत त्या गाडीवाल्याने दुकानाला टाळं लावलं होतं. कंपनी दिवाळखोरीत! दावा करणार कुणावर? पण बँक कुठे पळून जात नाही.

एका सहीचं मोल

मात्र सगळं इतकं सरळ झालं नाही. बँकेचं पहिलं पत्र आलं ते शंका काढणारं. कार्ड होतं जावयांच्या खात्यावरचं. भाचीकडे त्याच खात्याचं जोडकार्ड, म्हणजे आपण ॲड-ऑन म्हणतो ते. दुकानात जाऊन गाडी बघितली हिने, कार्ड सरकवलं हिने. बँकेने विचारलं, गाडी घेतली कुणी? कारण या कलमाचा हक्क मिळतो तो मूळ खातेदाराला. कर्ज त्याच्या नावावर असतं. जोडकार्ड वापरणारीने एकटीच्या नावाने वस्तू घेतली, तर बँक म्हणू शकते, की आमचा कर्जदार वेगळा आणि तुमचा खरेदीदार वेगळा.

माझ्या पोटात गोळाच आला. आपल्यापैकी कितीजणींकडे नवऱ्याच्या खात्यावरचं जोडकार्ड असतं! आपल्याला वाटतं, कार्डावर माझं नाव छापलंय म्हणजे कार्ड माझं. तसं नसतं बरं का. कर्ज त्याचं, हक्क त्याचे. आपल्या हातात फक्त प्लास्टिक.

मग सुटली कशी? विसार भरताना दुकानदाराने जो मागणीचा कागद भरला होता, त्यावर त्याने आधी फक्त जावयांचं नाव लिहिलं होतं. समोर हिला बसवून, हिच्या हातून पैसे घेऊन, नाव मात्र नवऱ्याचं! आमची भाची लहानपणापासून जरा ताठच. ती म्हणाली, "अर्धे पैसे माझे आहेत, माझंही नाव लिहा." दुकानदार हसला, पण त्याने दुसरं नाव लिहिलं. दोघांच्या सह्या घेतल्या.

तो कागद बँकेला पाठवला आणि प्रश्न मिटला. खातेदार खरेदीत आहे आणि कार्ड वापरणारीही आहे. गंमत म्हणजे तिने नाव घालायला लावलं ते मानापायी, कायद्याची काही कल्पना नसताना. नुसतं तिचंच नाव असतं तर अडकली असती. नुसतं नवऱ्याचं असतं तर पैसे सुटले असते, पण तिने अर्धा पैसा घातल्याची कागदावर कुठे खूणही राहिली नसती.

आणखी दोन गोष्टी तिने बरोबर केल्या होत्या. एक, गाडी बिघडल्यावर नुसते फोन न करता चोविसाव्या दिवशी ईमेल केला, की गाडी सदोष आहे, मी ती परत करते आहे. तिथल्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यात सदोष वस्तू नाकारून पूर्ण पैसे मागायला तीस दिवस मिळतात. तिचा ईमेल त्या मुदतीत बसला. दोन, तिने स्वतंत्र इंजिनिअरकडून गाडी तपासून लेखी अहवाल घेतला. त्यात लिहिलं होतं, की हा दोष जुना आहे, तीन आठवड्यांत होणारा नाही.

चार महिने पत्रापत्री झाली. बँकेने आठ आठवड्यांत समाधानकारक उत्तर दिलं नाही तर तिथल्या वित्तीय लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, तीही तयारी तिने ठेवली होती. पण वेळ आली नाही. सात हजार दोनशे पौंड आणि तपासणीचा खर्च, सगळं जमा झालं. त्या रविवारी फोन आला तेव्हा पोरगी पुन्हा रडत होती, पण ते रडणं वेगळं.

आणि आपल्याकडे?

आता माझ्या डबेवालीकडे येते. ती केंद्रात आली तेव्हा मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "कागद दाखव."

तिने कमरेची पिशवी सोडली आणि एक व्हिजिटिंग कार्ड काढलं. त्याच्या पाठीवर बॉलपेनने लिहिलेलं, "रु. 1,60,000 मिळाले." खाली सही नाही. तारीख नाही. गाडीचा नंबर नाही. आणि नाव लिहिलेलं कुणाचं? तिच्या मुलाचं, तेही टोपणनाव!

"अगं, पैसे तुझे, गटाचं कर्ज तुझ्या नावावर, बांगड्या तुझ्या. मग पोराचं नाव कशाला?"

"ताई, बाईच्या नावावर गाडी कोण घेतं? तो म्हणाला मुलाचं घालू, मी म्हटलं घाला."

काय बोलणार? मीही वीस वर्षांपूर्वी असंच केलं असतं. आमच्या पहिल्या गाडीच्या वेळी ह्यांनी सही केली, मी पेढे वाटले. किंमत किती ते मला शेजारणीकडून कळलं!

दलाल अर्थातच म्हणाला, मी कुठे पैसे घेतले, मी फक्त ओळख करून दिली. गटाच्या आम्ही बारा जणी दोन दिवस त्याच्या दुकानासमोर बसलो, तेव्हा त्याने हप्त्याहप्त्याने पन्नास हजार दिले. आता उरलेल्या एक लाख दहा हजारांसाठी आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पुरावा म्हणून काय? पासबुकातली पैसे काढल्याची नोंद, दलालाशी झालेले व्हॉट्सॲपवरचे निरोप, गाडी ओढून नेतानाची पावती आणि ते व्हिजिटिंग कार्ड. तारखा पडताहेत. ती पुन्हा स्कूटीवरून डबे पोचवते आणि गटाचा हप्ता मात्र दर महिन्याला न चुकता भरते.

तुम्ही विचाराल, तिने क्रेडिट कार्डाने पैसे दिले असते तर भाचीसारखं झालं असतं का? खरं सांगायचं तर नाही. आपल्याकडे त्या पंचाहत्तराव्या कलमासारखा कायदा नाही. दुकानदाराच्या चुकीसाठी कार्डवाली बँक पूर्ण किमतीला बांधली जाईल अशी तरतूद आपल्या कायद्यात नाही. आपल्याकडे जे आहे त्याला म्हणतात चार्जबॅक. कार्डाने पैसे भरले आणि माल आलाच नाही, किंवा सांगितला एक आणि दिला भलताच, तर आपण आपल्या बँकेकडे तक्रार करायची. बँक दुकानदाराच्या बँकेकडून पैसे परत मागते. पण हा कार्ड कंपन्यांचा आपसातला नियम आहे. त्याला मुदत असते, दुकानदाराचं म्हणणंही ऐकलं जातं, आणि परत मिळाली तर कार्डावर भरली तेवढीच रक्कम मिळते. दहा हजार बुकिंग कार्डाने भरलंत तर दहाच हजार. बाकीच्या लाखांना ते संरक्षण नाही.

शिवाय काही कार्डांबरोबर 'पर्चेस प्रोटेक्शन' म्हणून विमा येतो. नाव भारदस्त आहे, पण तो बहुधा घेतलेली वस्तू काही दिवसांत चोरीला गेली, मोडली, यासाठी असतो, आणि वाहनं त्यातून बहुतेक वेळा वगळलेली असतात. त्याच्या भरवशावर गाडी घेऊ नका. अटींचा कागद मागून वाचा.

मग कार्डाचा उपयोगच नाही का? आहे. नव्या गाडीचं बुकिंग करताना विसार कार्डाने भरला, तर किती रुपये, कोणत्या तारखेला, कुणाच्या खात्यावर गेले याची पक्की नोंद राहते. गाडी मिळालीच नाही आणि विसार परत करायला टाळाटाळ झाली, तर बँकेकडे तक्रार करायला जागा राहते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बिलाबद्दल तक्रार केल्यावर कार्ड देणाऱ्या बँकेने तीस दिवसांत खुलासा द्यायला हवा. नाही दिला, किंवा पटला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. त्यासाठी माहितीचा फोन क्रमांक आहे 14448.

पण एक गोष्ट कान देऊन ऐका. कार्ड म्हणजे उसना पैसा. बिल मुदतीत पूर्ण भरलं तर ठीक. थकवलं तर बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात. सावकार परवडला! त्यामुळे खात्यात पैसे तयार असतील तेवढीच रक्कम कार्डाने भरा. दुकानदार कार्डासाठी वर टक्केवारी मागत असेल तर तीही आधी विचारा आणि हिशेबात धरा.

जुनी गाडी घेताना

आपल्या छोट्या गावांत नव्यापेक्षा जुन्या गाड्यांचेच व्यवहार जास्त. भाओजींच्या ओळखीचा, नाहीतर गॅरेजवाल्याने सांगितलेला माणूस. म्हणून आमच्या केंद्रात आम्ही आता जे सांगतो, ते इथे लिहिते. कात्रण काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

पैसे देण्याआधी गाडीचं आरसी बघा. त्यावर फायनान्स कंपनीचा किंवा बँकेचा बोजा आहे का? सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला तरी नोंद कळते. घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. बोजा असेल तर कर्ज फिटल्याची बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा 35 नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय विसारही देऊ नका. "कर्ज फिटलंय हो, कागद यायचाय" यावर तर मुळीच नाही. माझी डबेवाली याच वाक्याला फसली. थकलेल्या दंडाच्या पावत्या आणि विम्याची तारीखही त्याच वेळी बघून घ्या.

पैसे बँकेतून द्या. चेक, खात्यावर भरणा, कार्ड, काहीही, पण ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्या किंवा ज्या दुकानाची पावती मिळणार त्या दुकानाच्या खात्यावर. दलालाच्या मेव्हण्याच्या खात्यावर नको! दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घ्यायला तर आयकर कायद्याने 2017 पासून बंदीच आहे. तेव्हा "रोख द्या, स्वस्तात देतो" म्हणणाऱ्यापासून चार हात लांब.

पावती घ्या. तिच्यावर तारीख, रक्कम, गाडीचा नंबर, व्यवहार मोडला तर विसार परत करायचा की नाही, घेणाऱ्याची सही आणि पैसे देणारीचं पूर्ण नाव हवं. ताई, वहिनी, अमक्याची आई असं नको. आधार कार्डावर आहे ते नाव.

गाडी नावावर करून घ्यायला टाळाटाळ करू नका. 29 आणि 30 नंबरचे फॉर्म भरून आरटीओत द्यावे लागतात. राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचं असतं. आणि तुम्ही गाडी विकत असाल तरीही हे लक्षात ठेवा. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात स्पष्ट केलं, की आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक. गाडी विकून झाली तरी नाव बदललेलं नसेल आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी जुन्या मालकावर येते.

आणि एवढं करूनही फसवणूक झालीच, तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. तिथे मराठीतही बोलता येतं. पैसे ऑनलाइन लुबाडले गेले असतील तर लगेच, त्याच तासाला, 1930 वर फोन. ग्राहक मंच आता ग्राहक आयोग झाला आहे. 2019 चा नवा कायदा 2020 पासून लागू झाला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. पण घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. मात्र हा कायदा धंदेवाईक विक्रेत्यासाठी आहे. शेजारच्या काकांनी आपली घरची गाडी तुम्हाला विकली असेल तर तिथे ग्राहक आयोग सहसा कामी येत नाही. गंमत म्हणजे इंग्लंडातही असंच आहे. घरगुती व्यवहारात तिथलं ते कलमही उपयोगी पडत नाही. म्हणून ओळखीच्या व्यवहारात तर कागद जास्तच पक्का हवा.

लाज कसली?

हे सगळं वाचून काहीजणी म्हणतील, एवढं कोण बघतं? ओळखीच्या माणसाकडे पावती मागायची म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं होतं. मलाही पूर्वी असंच वाटायचं. पण भाजीवाल्याकडे आपण दोन रुपयांची कोथिंबीर घासाघीस करून घेतो, डाळ निवडून घेतो, साडीची घडी उलगडून दोन्ही पदर बघतो. मग आयुष्यभराची शिल्लक देताना तोंडाला कुलूप का? आहारात आणि व्यवहारात लाज धरू नये, असं जुनी माणसं सांगून गेली, ती काही उगाच नाही.

भाचीला मी परवा विचारलं, "आता नवीन गाडी घेतलीस, डिपॉझिट कशाने भरलंस?"

"क्रेडिट कार्डाने! आणि मामी, या वेळी स्वतःच्या खात्याचं कार्ड काढलंय."

हे मी आमच्या डबेवालीला सांगितलं. ती हसली. म्हणाली, "ताई, माझ्याकडे कुठलं कार्ड? पण मी एक केलंय." तिने पिशवीतून नवंकोरं पावतीपुस्तक काढलं. वर छापलेलं तिचं नाव, तिच्या डब्यांच्या धंद्याचं नाव. आता ती महिन्याचे पैसे घेताना प्रत्येक ग्राहकाला पावती देते. आणि गॅसवाल्याकडून, किराणावाल्याकडून स्वतःच्या पूर्ण नावाची पावती मागून घेते.

आयोगाची पुढची तारीख जवळ आली आहे. आम्ही बाराही जणी तिच्याबरोबर जाणार आहोत.